रसायनशास्त्रातला विनोद अंगाशी येतो तो कुठे? या चुका टाळा

गणपतीत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने चित्र टाकलं. गॅलियम, निऑन, सल्फर, हायड्रोजन. चौघांच्या संज्ञा ओळीने लावल्या की इंग्रजीत 'गणेश' वाचता येतं. खाली ओळ होती, 'बाप्पाचं रासायनिक सूत्र'. हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मग एका फार्मसीवाल्याने विचारलं, "निऑन कधीपासून संयुगात यायला लागला रे?" झालं, रात्री बारापर्यंत वाद.

चूक चित्रात नव्हती, 'सूत्र' या शब्दात होती. निऑन निष्क्रिय वायू, तो कुणाशी बंध जुळवत नाही. चार चौकोन काढून त्यांत अणुअंक ३१, १०, १६, १ घातले असते आणि खाली 'आवर्तसारणीतला गणेश' लिहिलं असतं, तर फार्मसीवाल्यालाही हात जोडावे लागले असते. याच पद्धतीने सुनीता आणि विनय मस्त जमतात. विकासही जमतो, फक्त त्याच्या शेवटी विषारी आर्सेनिक येतं, तेव्हा तो किती जवळचा आहे ते बघून पाठवा. जोशी, जाधव, संजय यांनी मात्र नाद सोडावा. इंग्रजी 'जे' अख्ख्या आवर्तसारणीत नाही.

दुसरा घोटाळा फोन करतो. "उद्या ट्रेकला येतोस?" याला "नायट्रिक ऑक्साइड" (सूत्र वाचलं की 'नो') हे जुनंच उत्तर, पण त्यात एन आणि ओ दोन्ही मोठे लागतात. फोन आपल्या मनाने पहिलं अक्षर मोठं आणि दुसरं लहान करतो, की झालं नोबेलियम, प्रयोगशाळेत बनवावं लागणारं १०२ क्रमांकाचं मूलद्रव्य. कार्बन मोनॉक्साइडचंही असंच. विषारी वायूबद्दल पोटतिडकीने लिहिता आणि पडद्यावर उमटतो कोबाल्ट धातू. पाठवण्याआधी दुसरं अक्षर बघा.

आकड्यांत तर दहावी झालेलेही घसरतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं हे समीकरण संतुलित करायला सांगा. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत, उजवीकडे एकच, म्हणून कुणीतरी पाण्याच्या सूत्रात ओखाली दोन लिहून मोकळा होतो. हिशेब जुळला, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. हात लावायचा तो सूत्राच्या आधी लिहिलेल्या आकड्याला. तो रेणू किती ते सांगतो. आतला आकडा रेणू कशाचा बनलाय ते सांगतो, त्याला बोट लावलं की पदार्थच बदलतो.

'डायहायड्रोजन मोनॉक्साइड' नावाच्या घातक रसायनावर बंदी घाला, असा फॉरवर्ड आला तर रागावण्याआधी नाव फोडून बघा. हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. १९९७ मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने याच नावाने ५० मुलांचं मत घेतलं, तर ४३ जणांनी पाण्यावर बंदी मागितली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहोची नगर परिषदही याच थट्टेला बळी पडली होती.

पण सगळ्यात चिवट चूक वेगळीच, आणि ती आमच्याच घरच्या ग्रुपवर झाली. मावशीने दिवाळीआधी तांब्याची घागर घासायला काढली. मामेभाऊ नुकताच अकरावी सायन्सला गेलेला. त्याने समीकरण टाकलं: तांबं अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, बाणापुढे कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन. वर इशारा, "आंबटाने घासलं की हायड्रोजन सुटतो, गॅसजवळ घासू नकोस."

मी म्हटलं, असं होत नाही. तो म्हणाला, "ताई, मोजून बघ, संतुलित आहे." होतं खरं. तांबं एक, हायड्रोजन दोन, क्लोरीन दोन, दोन्ही बाजूंना सारखे. पण जमाखर्च जुळला म्हणजे व्यवहार झालाच असं नाही. अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे कोण किती चटकन अभिक्रिया करतं त्या यादीत, तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, त्यामुळे ते सौम्य आम्लातून हायड्रोजनला हुसकावू शकत नाही. जस्ताचा तुकडा टाकला असता तर बुडबुडे आले असते. नायट्रिक आम्ल तांब्याला खातं, पण तिथेही निघतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड. घागर चकाकते ती वरचा काळपट थर निघाल्यामुळे. त्यात बहुतेक कॉपर ऑक्साइड असतं. आम्ल त्याला विरघळवतं, आणि तयार होतं ते पाणी, हायड्रोजन नव्हे.

तेव्हा कुणी समीकरण तोंडावर मारलं तर अणू मोजत बसू नका. मोजणी बहुधा बरोबरच असते. विचारा, आम्ल कुठलं, किती तीव्र, तापमान किती, आणि हे होताना कुणी पाहिलंय का.

मामेभाऊ अजून टाइप करतच होता, तेवढ्यात मावशीने घागरीचा फोटो टाकला. लखलखीत. खाली लिहिलं होतं, "चिंच आणि मीठ. गॅसवर भात होता."