लॅब्राडॉरच्या पेडिग्रीवरची अक्षरं: वाचताना या चुका टाळा

भाच्याने पुण्याहून व्हॉट्सॲपवर एका पेडिग्रीचा, म्हणजे कुत्र्याच्या वंशावळीच्या कागदाचा, फोटो पाठवला. अमेरिकेतून आणलेल्या लॅब्राडॉर जोडीची पिल्लं. भाव ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. कागदावर बापाच्या नावाआधी एसएचआर होतं आणि आईच्या नावानंतर एमएच. "मामा, बाप भारी आहे ना? त्याचं तर नावाच्या आधीच लावलंय." नेमकं उलटं होतं. त्या जोडीत भारी होती ती आई.

मी राहतो मिनेसोटात. सुट्टीच्या दिवशी आमच्या बंडू या कुत्र्याला गाडीत घालून हंट टेस्टच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या परीक्षेच्या, मैदानावर उभं राहायचं, हा माझा काही वर्षांचा उद्योग. खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्याच करून झाल्या आहेत.

आधी लागलं म्हणजे मोठं, असं धरू नका

रावबहादूर नावाआधी आणि बीए एलएलबी नंतर, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे एकेसी, चॅम्पियनपद तेवढं नावाआधी लावतं. हंट टेस्टच्या पदव्या नंतर येतात, त्यामुळे वरच्या इयत्तेची मास्टर हंटर, एमएच, ही पदवीसुद्धा शेवटी बसते. युनायटेड केनेल क्लबचं गणित वेगळं. त्याच्या हंटिंग रिट्रीव्हर (पाडलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा) क्लबच्या पदव्या नावाआधीच लागतात, अगदी पहिलीच्या वर्गातली स्टार्टेड हंटिंग रिट्रीव्हरसुद्धा. तीच ती एसएचआर. तिच्यावर एचआर (हंटिंग रिट्रीव्हर), मग एचआरसीएच (त्यातला चॅम्पियन), आणि सगळ्यांत वर जीआरएचआरसीएच (ग्रँड चॅम्पियन), जी वाचतानाच धाप लागते. म्हणून अक्षरं कोणती ते नंतर. दिली कुणी, ते आधी बघा. एकेसीची एसएच म्हणजे सीनिअर हंटर. त्या दोन अक्षरांनंतर एक आर वाढला की संस्थाही बदलते आणि कुत्रा एक पायरी खाली येतो.

सीएच पाहून शिकारी समजू नका

एकेसीच्या कागदावरचं सीएच हे शोच्या रिंगणातलं चॅम्पियनपद. तिथे बांधा, केस, चाल, दात बघतात. पक्षी कुणी आणायला सांगत नाही. नसबंदी केलेल्या कुत्र्याला त्या रिंगणात प्रवेशच नाही, त्यामुळे कामाला वाघ असलेल्या कितीतरी कुत्र्यांच्या नावाआधी सीएच कधीच लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र फक्त शो जिंकलेला रिट्रीव्हर 'शो चॅम्पियन' ठरतो. नुसतं 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायला त्याला कामाची परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे ब्रिटिश कागदावरचं आणि अमेरिकन कागदावरचं सीएच एका तागडीत घालता येत नाही. भारतात तर शिकारीवर कायद्यानेच बंदी, त्यामुळे आपल्याकडे मिरवलं जाणारं 'चॅम्पियन लाइन' हे बहुतेक वेळा शोचंच.

पास होणं आणि जिंकणं यांची गल्लत

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. हंट टेस्ट म्हणजे चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा. दोन परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. एकूण सरासरी किमान ७ हवी आणि कोणत्याही एका कौशल्यात सरासरी ५ च्या खाली जाऊन चालत नाही. चाळीस कुत्रे चांगले असतील तर चाळीसही पास. फील्ड ट्रायल, म्हणजे याच कामाची कुत्र्यांमधली स्पर्धा, हे कुस्तीचं मैदान, गदा एकालाच.

मैदानावर गेलात तर फरक लांबूनच कळतो. हंट टेस्टला पक्षी फेकणारे झुडपाआड लपलेले, हँडलर (कुत्र्याला हुकूम देणारा माणूस) शिकारी कपड्यात, आणि पक्षी पडतो साधारण शंभर यार्डांच्या आत-बाहेर. फील्ड ट्रायलला पांढरे कोट घातलेली माणसं उघड्यावर उभी असतात, कारण पक्षी तीनशे यार्डांवरही पडतो आणि तिथून कुत्र्याला काही दिसायला तर हवं. त्यातही 'ब्लाइंड' आला की कुत्र्याने पक्षी पडताना पाहिलेलाच नसतो. शिट्टी वाजली की तो तिथेच बसून वळतो, तुमच्या हाताकडे बघतो आणि दाखवाल त्या दिशेला निघतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातला चहा विसरलो होतो.

एफसी, म्हणजे फील्ड चॅम्पियन, व्हायला ओपन, म्हणजे खुल्या, गटात १० गुण लागतात. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १, चौथ्याला अर्धा. आणि त्यात एकदा तरी पहिला नंबर हवाच. एएफसी हे हौशी हँडलरच्या हातून मिळवलेलं पद. एनएफसी म्हणजे राष्ट्रीय विजेता, वर्षाला एकच. किंग बक नावाच्या काळ्या लॅबने १९५२ आणि १९५३ असं लागोपाठ दोनदा ते जिंकलं, आणि १९५९ च्या अमेरिकन बदकशिकारीच्या सरकारी तिकिटावर तोंडात बदक धरून तो झळकला. म्हणून 'आमच्या लाइनमध्ये सगळे नॅशनल चॅम्पियन' असं कुणी सांगितलं तर एकेकाचं साल विचारा.

पायऱ्या मोजताना

जेएचला (ज्युनिअर हंटर, एकेसीची पहिली पायरी) चार पास, एसएचला पाच, एमएचला सहा. खालची पदवी आधी असेल तर वरच्या दोन्हींना एकेक कमी. वरची मिळाली की खालची कागदावरून जाते. 'याच्याकडे जेएच कुठंय?' असा प्रश्न एमएच कुत्र्याच्या मालकाला विचारून मी हसं करून घेतलं आहे.

क्यूएए हे जाहिरातींत फार दिसतं. ती पदवी नव्हे, ओपनसारख्या मोठ्या गटाच्या तोडीचा कुत्रा आहे असं सांगणारी पात्रता. क्यूए२ मात्र एकेसीची रीतसर पदवी.

पास झालो, पदवी कुठे?

बंडूचे जेएचचे चार पास झाले, पेढे वाटले, आणि एकेसीच्या नोंदीत तीनच दिसत होते. दोन आठवडे मी आयोजकांच्या नावाने बोटं मोडली. शेवटी जुना प्रवेशअर्ज काढला, तर नोंदणी क्रमांकाचे दोन आकडे मीच उलटेपालटे लिहिले होते. तेव्हा पास दिसत नसेल तर आधी स्वतःचा अर्ज तपासा. आणि युनायटेड केनेल क्लबकडचे पास एकेसीत चढत नाहीत. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, हिशेबही वेगळा.

अक्षरांत नसलेलं

खुबे, कोपरं, डोळे यांबद्दल या पदव्या काहीच बोलत नाहीत. लॅबमध्ये ईआयसी नावाचा आनुवंशिक आजार आहे: जोरात धावता धावता मागचे पाय लुळे पडतात. त्याचं जनुक शोधण्यात आमच्याच मिनेसोटा विद्यापीठाचा मोठा वाटा होता. दोष एकाच बाजूने आला तर कुत्रा ठणठणीत राहतो, एमएचही होतो. पण तसेच दोघे जोडले की पिल्लांत आजार उतरू शकतो. चाचणी साधी आहे, तिचा कागद मागा.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: आईचा नोंदणी क्रमांक माग, खुब्यांचा दाखला माग, दोघांची ईआयसी चाचणी माग. संध्याकाळी त्याने विक्रेत्याचं उत्तर मला पुढे पाठवलं. बापाचा आणखी एक फोटो होता, गळ्यात रिबन घातलेला.