फेरफाराची नोंद: या चुका टाळा

"खरेदीखत झालं, आता काय उरलं?" असं विचारणारे तालुक्याला रोज भेटतात. उरलेला असतो फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल महसुली दप्तरात नोंदवणं. दस्ताची नोंदणी वेगळी आणि गाव नमुना 6 मधली, म्हणजे गावच्या फेरफार नोंदवहीतली नोंद वेगळी. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद धरतो, नोटिसा निघतात, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. हे 15 दिवस वाचवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

सर्वांत वाईट चूक वारस नोंदीत होते. लेकींची नावं गाळतात. "तिचं लग्न झालंय, ती कशाला मागतेय?" बार्शीकडच्या एका घरात वडील गेल्यावर भावांनी अर्जात आईचं आणि स्वतःचं नाव घातलं, पुण्याच्या बहिणीचा उल्लेखच नाही. नोंद मंजूर झाली. पुढे रस्त्यासाठी जमीन संपादित झाली, मोबदल्याची यादी लागली आणि बहिणीने हरकत घेतली. प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, पैसे अडकले, भाऊबीज बंद. तिचं म्हणणं एवढंच होतं, "तेव्हा विचारलं असतं तर आईकडे बघून मी हक्कसोड दिलं असतं." हे ऐकलं की जीव तुटतो.

म्हणून अर्जाआधी मी वंशावळ घरातल्या सर्वांत वयस्कर बाईसमोर बसून लिहितो. वारलेला मुलगा, त्याची बायको, दुसरं लग्न, तिला सगळं आठवतं. सगळ्या वारसांची नावं आधी लागू द्यावीत. हक्क सोडायचाच असेल, तर मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र. स्टॅम्पपेपरवर नुसती संमती घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो.

वारसाची वर्दी, म्हणजे वारस कोण याची खबर, मृत्यूनंतर 3 महिन्यांत तलाठ्याला द्या.

नाव लिहिताना नुसती लेखनाची चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करता येते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा.

जमीन घेताना नुसता ताजा सातबारा बघून बयाणा देऊ नका. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार काढून वाचा. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यातला बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्जही बघा. सातबारा महसुलासाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही.

नोंद प्रमाणित झाली की त्याच आठवड्यात नवा उतारा काढा आणि गट क्रमांक, क्षेत्र, नावाची वेलांटीसुद्धा मूळ कागदाशी ताडून बघा.