वॉशिंग्टन राज्याचा बी अँड ओ कर: नव्या व्यावसायिकांनो, या चुका टाळा

सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड परिसरात स्वतःचा व्यवसाय सुरू करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. वॉशिंग्टनमध्ये कंपनीच्या नफ्यावर राज्याचा प्राप्तिकर नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याऐवजी १९३०च्या दशकापासून बिझनेस अँड ऑक्युपेशन, म्हणजेच बी अँड ओ कर आहे आणि तो एकूण जमेवर लागतो, हे मात्र अनेकांना उशिरा कळतं.

तोटा झाला, मग कर कसला?
सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा, सल्लागार म्हणून वर्षभरात ४ लाख डॉलरची बिलं केली. त्यातले ३ लाख २० हजार सब-कॉन्ट्रॅक्टरला दिले, इतर खर्च ९० हजार. हातात १० हजारांचा तोटा. तरी १.५ टक्के दराने ६,००० डॉलर कर भरावाच लागतो. पगार, भाडं, कच्चा माल, काहीच वजा होत नाही. म्हणून आपल्या कामाचे दर ठरवतानाच हा कर हिशेबात धरा, विशेषतः कमी मार्जिनच्या कामात.

जीएसटीसारखं क्रेडिट मिळेल ही अपेक्षा
मिळत नाही. घाऊक व्यापारी भरतो, त्याच मालावर किरकोळ दुकानदार पुन्हा भरतो. एक सवलत मात्र लोक विसरतात: वॉशिंग्टनमध्येच मसाले बनवून तिथेच विकत असाल, तर उत्पादन आणि विक्री दोन्ही दाखवायची आणि मल्टिपल अ‍ॅक्टिव्हिटीज टॅक्स क्रेडिट घ्यायचं. नाहीतर एकाच मालावर तुम्हीच दोनदा कर भराल.

चुकीचा वर्ग
कामाचा जसा वर्ग, तसा कराचा दर: २०२६ अखेरपर्यंत किरकोळ विक्रीला ०.४७१ टक्के, घाऊक व उत्पादनाला ०.४८४ टक्के, १ जानेवारी २०२७पासून या सर्वांना ०.५ टक्के. वर्षाची जमा १० लाख डॉलरच्या आत असलेल्या बहुतेक सेवा व्यवसायांना १.५ टक्के. आपल्या लोकांनी इथे खास लक्ष द्यावं. ग्राहकासाठी सॉफ्टवेअर लिहून देणं, वेबसाइट बनवणं ही कामं १ ऑक्टोबर २०२५पासून किरकोळ विक्रीत धरली जातात. बी अँड ओचा दर उतरला, पण राज्यातल्या ग्राहकाकडून सेल्स टॅक्स घेणं बंधनकारक झालं. जुन्याच नमुन्यात बिलं पाठवत राहिलात, तर तो सेल्स टॅक्स तुमच्या खिशातून जाऊ शकतो. नीट वसूल केलेला सेल्स टॅक्स बी अँड ओच्या जमेत धरू नका.

काम नव्हतं म्हणून रिटर्न नाही
राज्याने रिटर्न भरायला सांगितलं असेल, तर शून्य जमेचंही भरा. सिअ‍ॅटल आणि बेलव्ह्यू शहरांचा बी अँड ओ कर वेगळा असतो. तो फाइललोकल या शहरांच्या कर-संकेतस्थळावर भरतात.

चूक होऊन गेली असेल तर
राज्याच्या महसूल विभागाच्या ‘माय डीओआर’ या ऑनलाइन खात्यातून दुरुस्त रिटर्न भरता येतं. जास्त भरलेला कर चार वर्षांपर्यंत मागे जाऊन परत मागता येतो. नोंदणीच केली नसेल, तर महसूल विभागाचं पत्र येण्याआधी व्हॉलंटरी डिस्क्लोजरचा, म्हणजे आपणहून चूक कळवण्याचा अर्ज करा: साधारणपणे चालू वर्ष आणि मागची चार वर्षंच तपासतात, दंडातही मोठी सूट मिळते. पत्र आल्यावर हा रस्ता बंद होतो.