मृगाआधी नाव नोंदवा: या खरिपात काय शिकायचं, कुठे आणि कधी

शेतीचं प्रशिक्षण म्हटलं की हॉलमधली भाषणं, चहा आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच अनेकांच्या वाट्याला येतं. घरी आल्यावर त्यातलं फारसं काही शेतात उतरत नाही. पीक एका अवस्थेत असतं आणि शिकवण भलत्याच अवस्थेची असते, हे त्याचं मुख्य कारण. बीजप्रक्रिया ऑगस्टमध्ये शिकून उपयोग नाही आणि बोंडअळीची ओळख मे महिन्यात पडद्यावर पाहून ती लक्षात राहत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की प्रशिक्षणाचं वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाला जोडून घ्या. एक-दोन एकरवाल्याला हे लागू आहे, तसं गच्चीवर वीस कुंड्या सांभाळणाऱ्यालाही.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत दोन गोष्टी शिकून हातावेगळ्या करा: मातीचा नमुना घेणं आणि बियाणं तपासणं.

माती परीक्षणाचा अहवाल चुकीचा येतो तो बहुधा प्रयोगशाळेमुळे नव्हे, नमुन्यामुळे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली किंवा जनावरं बसतात तिथली माती घेऊ नका. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणं निवडा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्या. सगळी माती गोणपाटावर एकत्र करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. नमुना सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत भरला तर स्फुरद-पालाशचे (फॉस्फरस-पोटॅशचे) आकडे फुगून येतात. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं न वापरता लाकडी वा प्लास्टिकचं वापरा. फळबागेसाठी ही पद्धत चालत नाही; तिथे ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर अशा थरांचे वेगळे नमुने घ्यावे लागतात.

घरचं सोयाबीन पेरणार असाल तर त्याची उगवण घरीच पाहता येते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट ठेवून गुंडाळी करा आणि ती सावलीत ओलसर ठेवा. सहाव्या-सातव्या दिवशी निरोगी मोड आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण ठेवा. साठच निघाले तर सत्तर गुणिले तीस भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो लागेल. त्याहून फार खाली गेलं तर ते बियाणं पेरूच नका. सोयाबीनची साल पातळ असते. पोती वरून आपटली किंवा थप्पी उंच रचली तरी आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून मात्र ठणठणीत दिसतो.

बीजप्रक्रियेत चूक होते ती क्रमात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक (पिकाला अन्नद्रव्यं मिळवून देणारे जिवंत जिवाणू) शेवटी, तेही पेरणीच्या अगदी तोंडावर, सावलीत. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम दहा किलो बियाण्याला पुरतात. जिवाणू आधी लावून वर रसायन चोळलं की ते मरतात, आणि मग “संवर्धकाचा काही उपयोग होत नाही” अशी तक्रार येते. हे हाताने करून पाहावं. गावचे कृषी सहायक मेअखेर गावोगावी प्रात्यक्षिकं घेतात. तुमच्या गावात ठरलेलं नसेल तर पाच-दहा जणांनी मिळून मागणी करा.

आता कुठे जायचं ते. पहिलं ठिकाण म्हणजे जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. देशातलं पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं. आता बहुतेक जिल्ह्यांत एक आणि मोठ्या जिल्ह्यांत दोन आहेत. बारामती, नारायणगाव, सगरोळी, कोसबाड ही आपल्याकडची ठळक नावं. गोव्यात उत्तर गोव्याचं केंद्र जुन्या गोव्याजवळ एला इथे, किनारी शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या आवारात आहे. तिथे जाऊन नुसतं “काही प्रशिक्षण आहे का” असं विचारू नका. खरिपाच्या आद्यरेषीय प्रात्यक्षिकासाठी आपल्या पिकात जागा आहे का, असं विचारा. यात नवं वाण किंवा तंत्र तुमच्याच शेतात, साधारण एक एकरापर्यंतच्या तुकड्यावर घेतलं जातं. त्यासाठीच्या निविष्ठा, म्हणजे बियाणं-खतासारखं साहित्य, केंद्राकडून मिळतात आणि विषयतज्ज्ञ पीक पाहायला येतात. हंगामभर असं शिकणं दोन दिवसांच्या वर्गापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. यादी पेरणीआधीच पक्की होते, म्हणून जूनच्या मध्याला गेलेल्याला पुढच्या वर्षी या असं सांगितलं जातं.

विद्यापीठांच्या तारखाही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे या स्थापनादिनी असतो आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. विद्यापीठाचं बियाणं तिथे मिळतं म्हणून गर्दी होते, पण बियाण्याची पिशवी घेऊन लगेच परतू नका. प्रश्नोत्तराच्या सत्राला थांबा, आणि जाताना रोगट पान, मुळासकट उपटलेलं झाड किंवा त्याचे स्पष्ट फोटो बरोबर न्या. “पिवळं पडतंय” एवढ्या वर्णनावर कोणताच तज्ज्ञ नेमकं सांगू शकत नाही. खालची पानं पिवळी की शेंड्याची, शिरा हिरव्या की त्याही पिवळ्या, एवढं दिसलं तरी नत्राची (नायट्रोजनची) कमतरता आणि लोहाची कमतरता यांतला फरक कळतो. अकोल्याच्या विद्यापीठाची शिवार फेरी पावसाळा सरताना असते. एकाच प्लॉटवर अनेक वाणं शेजारीशेजारी उभी पाहायला मिळतात ती तिथेच.

तरीही छोट्या शेतकऱ्याने एकच गोष्ट निवडायची असेल तर आम्ही शेतीशाळा सुचवू. १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे कृषी विभाग, आत्मा (जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आणि पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातून ती गावात येते. पंचवीस-तीस शेतकरी पेरणीपासून काढणीपर्यंत आठवड्याने किंवा पंधरवड्याने सकाळी एकाच शेतात जमतात. एका तुकड्यावर एकात्मिक पद्धत, म्हणजे इतर उपाय आधी आणि रासायनिक फवारणी गरजेपुरतीच, आणि शेजारी नेहमीची पद्धत असते. पाच-पाच जणांचे गट करून झाडं पाहायची, शत्रुकीड आणि मित्रकीड वेगवेगळी मोजायची, कागदावर चित्र काढायचं, आणि फवारणी करायची की नाही हे गटाने कारणासह सांगायचं.

कपाशीत याचा फायदा लगेच दिसतो. पीक दीड महिन्याचं झालं, पाती-फुलं लागली की काही फुलं उमलतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहतात. हीच डोमकळी. पाकळ्या उलगडून पाहा. गुलाबी बोंडअळीने त्या आतून धाग्याने बांधलेल्या दिसतील आणि मध्ये ती बसलेली असेल. लहान असते तेव्हा ती पांढरट असते, त्यामुळे गुलाबी रंग शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटते. अशा कळ्या तोडून अळीसकट नष्ट करा, नुसत्या सरीत टाकू नका. पुढे बोंडं लागल्यावर अळी आत शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं, बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. म्हणून एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनमध्ये अळी किंवा तिचं नुकसान दिसलं म्हणजे दहा टक्के झाले, आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणीचा खर्च करणं परवडतं. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज सरासरी आठ पतंग सापडले तरी तोच इशारा समजा. याआधीची फवारणी बहुतेक वेळा पैसे आणि मित्रकिडी दोन्ही घालवते.

शेतीशाळेत नाव बहुधा घरच्या पुरुषाचं लागतं. निंदणी, वेचणी मात्र बायका करतात आणि डोमकळी आधी दिसते ती त्यांनाच. घरातल्या ज्या बाईचा शेतात रोजचा वावर आहे तिचंही नाव द्या. वर्ग कोणत्या वेळी असावा हेही त्यांना विचारूनच ठरवा, नाहीतर निंदणीच्या धांदलीत उपस्थिती गळते.

फवारणीचा वर्ग जुलै लागण्याआधी मागून घ्या. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामुळे हा विषय कार्यक्रमाच्या शेवटी उरकण्याचा नाही. निदान एक गोष्ट शिकाच: पंप मोजणं. दहा बाय दहा मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा, रोजच्या चालीने तेवढी जागा फवारा आणि किती पाणी संपलं ते पाहा. पाच लिटर लागलं तर चाळीस गुंठ्यांना दोनशे लिटर. याच हिशेबावर औषधाची मात्रा ठरते. नोझल झिजलं, पंप बदलला किंवा पीक वाढलं की हे पुन्हा मोजायचं. उंच वाढलेल्या कपाशीत वाऱ्याच्या विरुद्ध चालणं आणि तीन-चार औषधं एकत्र करणं, हे दोन्ही जीवावर बेततं.

शहरात पिकवणाऱ्यांसाठी वाट थोडी वेगळी आहे. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळं पिकू लागली आणि ती पाहून अनेकांनी आपापल्या गच्चीवर वाफे केले. आजही शहरी शेती शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग हाच: निदान दोन पावसाळे टिकलेली बाग पाहणं आणि तिथे एखादा रविवार हाताने काम करणं. पावसाळ्यात पाणी कुठून निघतं, कुंड्यांची भोकं कशी बुजतात, कुठे शेवाळ धरतं, हे फोटोंत दिसत नाही.

कार्यशाळेत भाराचा हिशेब शिकवत नसतील तर आधी तोच विचारा. एक घनफूट ओली माती सुमारे ४५ किलो भरते. चार बाय चार फुटांचा, फूटभर खोल वाफा मातीने भरला तर एकट्या मातीचं ओझं सातशे किलोंच्या वर जातं. तोच वाफा पालापाचोळा, कंपोस्ट आणि थोडीशी माती यांनी भरला की भार निम्म्यावर येतो, शिवाय मुळांना हवा मिळते. मोठे वाफे तुळयांच्या रेषेत, भिंतीलगत ठेवा, जमिनीपासून वीटभर उंच, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. सोसायटीची परवानगी आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे बी आणण्याच्या आधीचं काम आहे.

कंपोस्ट करणं पावसाळ्याआधी हातात बसवा. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट कोरडा पाला, मोजायचं ते टोपलीने, वजनाने नव्हे. वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा आणि हलवा. मुंग्या लागल्या तर ते कोरडं पडलं आहे. पावसात कोरडा पाला मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच दोन-चार पोती भरून झाकून ठेवा. जूनच्या लागवडीला दोडका, घोसाळी, कारली, भेंडी, अळू, मायाळू ही मंडळी सोपी. कोथिंबीर, पालक मुसळधार पावसात आडवे होतात, त्यांच्यासाठी छप्पर नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

गच्ची असो की शेत, शिकलेलं तंत्र लगेच सगळीकडे लावू नका. सारख्या दोन कुंड्या किंवा शेजारच्या दोन सऱ्या घ्या, एकीत एकच बदल करा आणि तारखेनिशी लिहा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात तासगाव भागातले द्राक्षबागायतदार असेच एकमेकांचे प्रयोग पाहून, नोंदी ताडून शिकले. आजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही ते होऊ शकतं, फक्त फोटोबरोबर पिकाचं वय, दिलेली मात्रा आणि हवामान लिहायची सवय हवी.

जोडधंद्यात जुलैपासून धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) वर्ग बघा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं जुनं संशोधन केंद्र आहे. काड तीन ते पाच सेंटिमीटर तुकड्यांत कापून रात्रभर भिजवणं, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणं, निथळणं आणि ओल्या काडाच्या दोन टक्के बियाणं थराथरांत पेरणं, एवढं वाचूनही कळतं. मूठ दाबल्यावर पाणी गळू नये पण तळहात ओला व्हावा, हा अंदाज मात्र हातानेच येतो. तिथे चुकलं किंवा पाणी पुरतं तापलं नाही की पिशवीत हिरवी बुरशी धरते. मधमाशीपालनासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय आहे, पण पेट्या उघडून शिकायचं तर पाऊस ओसरल्यावर जा. पावसाळ्यात वसाहती अशक्त असतात आणि सारखी हाताळणी त्यांना सोसत नाही.

भरमसाट फी घेणाऱ्या वर्गांबद्दल चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शिकवणारा स्वतः रोपं, यंत्र किंवा औषध विकतो का? चालू पीक दाखवणार का? दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या शेतकऱ्याच्या शेतावर नेणार का? आणि सगळा माल विकत घेण्याची हमी देत असतील तर करारात दर, प्रत आणि मुदत लिहिलेली आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तो वर्ग सोडा आणि तोच विषय कृषी विज्ञान केंद्रात मागा. पुरेशी मागणी आली तर केंद्र तो आपल्या कार्यक्रमात घेऊ शकतं.

हंगामात मध्येच अडलं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, मराठीत बोलता येतं. विद्यापीठांच्या कृषी हवामान विभागांचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पेरणीचा दिवस त्यावरून ठरवा: सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफणीला हात लावू नका, आणि तोवर गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक झालेलं नसेल तर ते त्या थांबण्याच्या दिवसांतच उरकून घ्या.