सीईटीचं पर्सेंटाइल आणि कटऑफ कसा वाचायचा

बारावीनंतर सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी डोळ्यासमोर असेल, तर बहुतेक जागांसाठी गाठ एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेशीच आहे. बारावीला खुल्या गटात 45 आणि राखीव गटात 40 टक्के लागतात, ते फक्त पात्रतेपुरते.

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाचा पेपर 200 गुणांचा. पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पुढच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. पहिला भाग बंद झाला की परत उघडत नाही. तिथे एका प्रश्नाला 54 सेकंदच मिळतात, म्हणून केमिस्ट्री आधी उरका. फिजिक्सच्या एका गणितात अडकलात तर केमिस्ट्रीचे सोपे गुण हातचे जातात. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी टिक कराच. अकरावीचं वेटेज सुमारे 20 टक्के असतं. ठरवून दिलेली प्रकरणं तेवढी करा. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो.

आता खरा घोळ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. समजा तुमच्या सत्रात 10,000 जण बसले आणि 9,230 जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत, तर तुमचं पर्सेंटाइल 92.30. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि तुलना आपापल्या सत्रातच होते. म्हणून अवघड सत्रातला 110 गुणवाला सोप्या सत्रातल्या 118 वाल्याच्या पुढे जाऊ शकतो. दोघांचे पेपर शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण आकड्याशी ताडून बघू नका, ती जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून निघतं.

आणि 90 पर्सेंटाइल ऐकून पेढे वाटण्याआधी गटात किती जण बसले ते बघा. तीन लाख असतील, तर साधारण 30,000 जण तुमच्या पुढे आहेत.

मागच्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटची जागा ज्या पर्सेंटाइलला भरली तो आकडा, बघताना जागेच्या प्रकारांपैकी आपल्याच कोडची ओळ वाचा. सुरुवातीचा 'जी' सर्वसाधारण जागेचा, 'एल' मुलींच्या जागेचा. मधे प्रवर्ग. शेवटी 'एस' राज्यस्तर, 'एच' होम युनिव्हर्सिटी (बारावी जिथे केली त्या भागाचं विद्यापीठ), 'ओ' बाहेरचे. सातारा-सांगलीचं होम शिवाजी विद्यापीठ. पण बारावी पुण्याला केली असेल तर 'एच' कोल्हापूरचा नाही, पुण्याचा. अनेक घरांत हे कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरताना कळतं.

राखीव प्रवर्गातल्यांनी जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करावा. निकालानंतर जात पडताळणी समितीकडे धावाधाव केली आणि प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही, तर तुम्हाला खुल्या गटात धरलं जाऊ शकतं.

पसंतीक्रम आवडीनेच लावा, कटऑफच्या भीतीने नको. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. पहिल्या क्रमांकावर "सहज मिळेल" म्हणून टाकलेलं कॉलेज नेमकं इथेच गळ्यात पडतं.