सायकलवर असताना सुरक्षित वाटणाऱ्या या चुका टाळा

शहरात सायकल चालवणाऱ्यांच्या बऱ्याच चुका बेफिकिरीतून होत नाहीत, भीतीतून होतात. मोठ्या गाड्यांना घाबरून माणूस रस्त्याच्या अगदी काठावर जातो. मागून कोण येतंय ते दिसत नाही म्हणून उलट्या बाजूने चालवतो. सिग्नलला मागे राहायला नको म्हणून ट्रकच्या डावीकडच्या फटीत शिरतो. तिन्ही वेळा जीव सांभाळल्यासारखं वाटतं आणि तिन्ही वेळा धोका वाढतो. संभाजीनगरचा जालना रोड असो की लातूरचा औसा रोड, दृश्य सारखंच. शाळा-क्लासची मुलं, शिफ्टला निघालेले कामगार आणि दूधवाले अशाच सवयींनी सायकल चालवतात.

काठाला चिकटून चालवणं

डांबर जिथे संपतं तिथे साइडपट्टी बऱ्याचदा चार-पाच सेंटिमीटर खाली असते. पुढचं चाक खाली उतरलं की आपण घाईने हँडल उजवीकडे वळवतो. चाक तिरकं असल्यामुळे डांबराच्या कडेवर चढत नाही, कडेला घासत पुढे सरकतं. अंग मात्र उजवीकडे झुकलेलं असतं, त्यामुळे सायकल आडवी होते ती नेमकी वाहनांच्या बाजूला. चाक उतरलं तर उतरू द्या. हँडल सरळ ठेवा, वेग कमी करा, थांबा आणि सायकल उचलून वर घ्या.

काठावर आणखीही बरंच काही साचलेलं असतं: सुटी खडी, काचा, गटाराच्या जाळ्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील तर अरुंद टायर सरळ आत जातो.

म्हणून काठापासून पाऊण ते एक मीटर अंतर ठेवा. मागचा वाहनचालक तुम्हाला ओलांडण्यासाठी मुद्दाम थोडा उजवीकडे होतो, आणि तेच हवं असतं. काठावरच्या सायकलवाल्याला तो वेग न बदलता घासून ओलांडतो. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना अंतर एक मीटरपेक्षा जास्त हवं, कारण मोटारीचं दार जवळपास तेवढं उघडतं आणि उघडणारा मागे बघत नाही. अरुंद पुलावर मोटारीला तुमच्या शेजारून जायला जागाच नसेल, तर मागे बघा, हात दाखवा आणि पूल संपेपर्यंत लेनच्या मध्यातून चालवा. मागच्याने हॉर्न वाजवला तरी काठावर सरकू नका.

उलट्या बाजूने येणं

दुभाजक असलेल्या रस्त्यावर पुढचा कट लांब असतो, त्यामुळे दोन-तीनशे मीटर उलटं जायचा मोह होतो. हिशेब करून बघा. तुम्ही ताशी 15 किलोमीटरने जाताय, मोटारसायकल 40 ने येतेय. एकाच दिशेने असाल तर वेगातला फरक 25 चा. समोरासमोर असाल तर तोच 55 चा होतो, आणि समोरच्याला वेग कमी करायला मिळणारा वेळ निम्म्याहून कमी. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्याला लागणारा आधी उजवीकडे बघतो, कारण रहदारी तिकडूनच येते. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. कट लांब असेल तर सायकलवरून उतरा आणि कडेने चालत न्या. चौकात उजवीकडे वळायचं असेल तेव्हाही मधल्या लेनमध्ये घुसू नका. सिग्नलवर सरळ पलीकडे जा, समोरच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल हव्या त्या दिशेला वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. एखादा मिनिट जास्त लागेल.

ट्रक, बस आणि उसाच्या ट्रॉल्या

लांब वाहन डावीकडे वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, आतून, कोपऱ्याच्या जवळून येतात. वाहन जितकं लांब तितकी ती जास्त आत येतात. डाव्या फटीत उभा असलेला सायकलस्वार बंपरखाली सापडत नाही, बाजूने दाबला जातो आणि मागच्या चाकाखाली जातो. चालक उंच बसलेला असतो, त्याच्या केबिनच्या डाव्या बाजूला लागून उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. सिग्नलला मोठ्या वाहनाच्या मागेच थांबा. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हे पक्कं समजा.

ऊसतोडणीच्या हंगामात हे दुपटीने लागू आहे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि मागे लाल दिवा नसतो किंवा रेडियम धुळीने झाकलेलं असतं. डावीकडून ओलांडायचंच नाही. उजवीकडूनही चढावर किंवा वळणावर नको, कारण ट्रॉलीची लांबी अंदाजापेक्षा जास्त निघते. रात्री ट्रॉलीच्या मागे जाताना निदान दहा मीटर अंतर ठेवा. ती अचानक थांबते आणि थांबल्याचं मागच्याला कळत नाही.

काळी माती आणि समोरचं ऊन

आपल्याकडे पाऊस पडला की शेतातून आलेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सोडत जातात. थोड्या पाण्यात ती साबणासारखी निसटती होते. अशा पट्ट्यावर पोहोचायच्या आधीच वेग कमी करा, पट्ट्यावर असताना ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, पायडल हलकं ठेवा. हीच माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये घट्ट बसते आणि चाक अडकतं. काडीने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेल्वेचे रूळ ओलांडताना चाक रुळांना काटकोनात येईल असं वळवून घ्या. रूळ ओले असतील तर उतरून चाला.

जालना रोड साधारण पूर्व-पश्चिम आहे. सकाळी चिकलठाणा एमआयडीसीकडे जाताना सूर्य समोर असतो आणि संध्याकाळी परत येतानाही समोरच. तुम्हाला डोळे बारीक करून का होईना दिसतं. मागच्या चालकाला मात्र धुळकट काचेतून फक्त झगझगाट दिसतो. या वेळी पिवळा-नारिंगी शर्ट आणि मागचा लुकलुकणारा दिवा दिवसाही उपयोगी पडतो. शक्य असेल तर समांतर आतला रस्ता धरा.

फक्त मागच्या ब्रेकवर विसंबणं

‘पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटा पडतो’ हे ऐकून अनेकांनी पुढच्या ब्रेकची केबलच सोडून ठेवलेली असते. ब्रेक लागताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लवकर घसरतं आणि सायकल लांबपर्यंत फरपटत जाते. थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. उलटं पडायचं कारण वेगळं आहे: एकदम आवळलेला ब्रेक आणि सरळ ताठ न ठेवलेले हात. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबा आणि बूड सीटवर मागे सरकवा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. नवी किंवा दुसऱ्याची सायकल घेतली तर चाक उचलून, फिरवून खात्री करा.

तपासणी अशी करा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर असावं आणि दाबल्यावर पूर्ण रिमवर बसावं. ते टायरला घासत असेल तर काही दिवसांत टायर फाटतो. रबरावरच्या खाचा बुजल्या की रबर बदला. ब्रेक दाबताना एका लयीत झटके बसत असतील तर चाक आउट, म्हणजे डगमगतं आहे. मिस्त्रीकडून तारा ताणून आउट काढून घ्या. स्टीलच्या चकचकीत रिमवर पाणी असेल तर रबर पकड घेत नाही. पावसात थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका लावून पाणी पुसून काढा, मग जोर द्या.

छोट्या पण पाडणाऱ्या गोष्टी

हँडलला दप्तर किंवा डबा लटकवू नका. वळताना पिशवी तारांमध्ये जाते, पुढचं चाक जागेवर थांबतं आणि माणूस हँडलवरून फेकला जातो. ओझं मागच्या कॅरिअरवर, रबराने बांधून. ओढणी मागे गाठ मारून घ्या, पँटचा उजवा पायचा चेनच्या बाजूला असतो म्हणून तो दुमडा किंवा बांधा. कॅरिअरवरच्या ओझ्याने मागचा रिफ्लेक्टर झाकला जात असेल तर मडगार्डवर लाल रेडियम लावा. डायनॅमोचा दिवा थांबल्यावर विझतो, आणि चौकात उभे असताना तर तो सर्वांत जास्त लागतो, म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा असू द्या. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, हनुवटीच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकं घट्ट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला.

पडल्यानंतर

लगेच उठून सायकल उचलायची घाई करू नका. जमावातला कोणीतरी ‘काही नाही झालं’ म्हणत ओढून उभं करतो. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्या आणि 108 ला फोन करायला सांगा. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे 24 तास एकटं राहू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की थेट दवाखाना.

धडक देणारं वाहन पळून गेलं तरी पोलिसांत नोंद कराच. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या योजनेत अशा अपघातात गंभीर जखमीला 50,000 रुपये आणि मृताच्या वारसांना 2 लाख रुपये भरपाई मिळते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो, आणि पोलिसांची नोंद व दवाखान्याचे कागद नसतील तर तो तिथेच अडतो.

सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी समोरून बघा: हँडल चाकाला काटकोनात आहे का, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मागे दबला आहे का, पुढचं चाक मोकळं फिरतं का. वाकलेला चिमटा ठोकून सरळ करून घेऊ नका. तो आतून कमजोर झालेला असतो आणि पुढच्या खड्ड्यात तुटू शकतो. नवाच बसवा.