जपानी घरातला शनिवार-रविवार आणि माझं ‘दाइजोबू’

एक्स्चेंजवर जपानमधल्या ओकायामाला गेले तेव्हा माझ्याकडे जेएलपीटी एन३चं, म्हणजे जपानी भाषेच्या मधल्या पातळीच्या परीक्षेचं, सर्टिफिकेट होतं. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचा अर्थ काय, ते मला जुलैअखेरच्या एका शनिवारी दुपारी होस्ट फॅमिलीच्या जेवणाच्या टेबलावर कळलं.

चपला कुठे काढायच्या, टॉयलेटच्या स्लिपर वेगळ्या, तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) कुठलीच स्लिपर नाही, हे सगळं तुम्ही व्हिडिओंत पाहून पाठ केलं असेल. मी उगाळत नाही. फक्त न्हाणीघराबद्दल एक सांगते. आधी बाहेर बसून साबण लावून अंग धुवायचं, मग टबात जायचं आणि निघताना टबाचं बूच काढायचं नाही. त्याच पाण्यात नंतर घरातले सगळे आळीपाळीने बसतात, आणि पाहुण्याला बहुतेकदा पहिला नंबर देतात. म्हणजे घोळ घातलात तर सगळ्यांचाच.

आता मी जिथे आपटले, ते. आमच्या एका सिनियरने निघताना गुरुमंत्र दिला होता : “काही कळलं नाही की हसायचं आणि ‘दाइजोबू देस’ म्हणायचं. निभावतं.” असे मंत्र देणारे सिनियर मला आता अजिबात सहन होत नाहीत. त्यांचं निभावलेलं असतं, कारण ते मासे खातात.

‘दाइजोबू’ म्हणजे ‘ठीक आहे’, हे पुस्तकातलं झालं. “हे चालेल का?” या प्रश्नाला दाइजोबू म्हटलंत तर त्याचा अर्थ होतो ‘हो, चालेल’. “अजून वाढू का?” याला तेच उत्तर दिलंत की अर्थ होतो ‘नको, पुरे’. आपलं ‘असू दे’ आठवा. “वरण थोडं पातळ झालंय” – “असू दे.” “अजून एक पोळी?” – “असू दे.” एकीकडे चालवून घेणं, दुसरीकडे नकार. फरक एवढाच की आपलं ‘असू दे’ कोणी ऐकत नाही, पोळी पानात पडतेच. माझ्या ओकासाननी, म्हणजे होस्ट आईनं, ऐकलं.

होमस्टेच्या फॉर्मवर मी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलं होतं. त्यांनी तो नीट वाचला होता, मांस घरात आणलंच नव्हतं. दुपारी बर्फावर ठेवलेल्या सोमेन नूडल्स आणि बुडवून खायला वाटीत थंडगार तपकिरी त्सुयु. “त्सुयु दाइजोबू?” त्यांनी विचारलं. मी हसून “दाइजोबू देस” म्हटलं आणि वाटी संपवली. फार आवडलं, खोटं का बोला.

रात्री भात संपल्यावर “ओकावारी?” असं विचारलं. अजून हवा का, एवढाच प्रश्न. मला हवा होता. पण आपल्याकडे पहिल्या फेरीत कोण हो म्हणतं? मी दाइजोबू म्हटलं आणि आग्रहाची वाट पाहत बसले. आग्रह आला नाही, भांडी उचलली गेली. त्या रात्री फुतोनवर (जमिनीवरच्या गादीवर) पडून बॅगेतले खारे शेंगदाणे खाल्ले, आवाज होऊ नये म्हणून एकेक.

रविवारी सकाळी मदत करायला स्वयंपाकघरात गेले. ओकासाननी पाकिटातून मूठभर काहीतरी उकळत्या पाण्यात टाकलं. रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या पातळ सालींसारखं. विचारलं, तर कात्सुओबुशी. मासा उकडून, धुरी देऊन, दगडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि किसतात. त्याचं पाणी म्हणजे दाशी. मिसो सूपमध्ये तीच, कालच्या त्सुयुतही तीच. माझा चेहरा पडला आणि त्यांना कळलं. त्या पुन:पुन्हा माफी मागत राहिल्या. चूक माझी, आणि माफी त्या मागतायत! आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

म्हणून शाकाहारी असाल तर फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. “निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन” हे पूर्ण वाक्य लिहा. मांस, मासे आणि माशांची दाशीसुद्धा. पुढे लिहा, कोंबूची (समुद्री शेवाळाची) किंवा शिताके मशरूमची दाशी चालते. बौद्ध देवळांतल्या शाकाहारी जेवणात, म्हणजे शोजिन र्‍योरीत तीच वापरतात, त्यामुळे त्यांना लगेच उमगतं. हे उद्धट वाटेल अशी भीड बाळगू नका. ती माणसं बाजारहाट आधी करतात; आयत्या वेळी कळलं तर ती तुमच्यापेक्षा जास्त कानकोंडी होतात. आणि वाढू का विचारलं तर हवं असताना “ओनेगाइशिमास”, नको असताना “मो इप्पाइ देस”. पोट भरलं म्हणायचं. दाइजोबू महिनाभर तरी तोंडातून काढूच नका.

घाबरवतेय का? तसं नाही. ते तुमच्याइतकेच धास्तावलेले असतात. आमचे ओतोसान, म्हणजे होस्ट वडील, शुक्रवारपासून ‘नमस्ते’ घोकत होते म्हणे. दुपारी त्यांनी कोराकुएन दाखवलं, 1700 साली पूर्ण झालेली बाग. मी म्हटलं, याच धर्तीवर पुण्यात सिंहगड रोडला बाग आहे, पु. ल. देशपांडे उद्यान. त्यांना पटेना. फोनवर फोटो दाखवला तेव्हा पूल कुठला आणि कुठल्या बागेतला, यावर दहा मिनिटं चर्चा झाली, आणि माझं मोडकं जपानी पहिल्यांदाच धावलं. संध्याकाळी पांढरे पीच, तिथली शान. बोटं चिकट होईस्तोवर खाल्ले. “अजून?” म्हटल्यावर या वेळी “ओनेगाइशिमास.”

भेटवस्तूंवर फार पैसे घालवू नका. सुटी वेष्टनं असलेली चिक्की पुरते. आभाराचं कार्ड मात्र हातानं लिहा. उन्हाळ्यात ख्यालीखुशाली विचारणाऱ्या अशा कार्डाला 7 ऑगस्टच्या सुमारास येणाऱ्या रिश्शूपर्यंत (जपानी पंचांगातला शरदाचा आरंभ) शोचू-मिमाइ म्हणतात, नंतर झान्शो-मिमाइ. माझं उशिरा गेलं, कारण पत्ताच घेतला नव्हता. स्टेशनवर निरोपाच्या गडबडीत तो राहतो, शनिवारीच लिहून घ्या.